थरांवर थर : पेर किर्केबी यांची चित्रे, कविता आणि विटा

मराठीत जमिनीच्या पोटातील मातीला थर असतात, गवंडी विटांचे थर रचतो आणि पृष्ठभागावर रंगाचाही थरच चढवला जातो. डॅनिश चित्रकार, कवी आणि शिल्पकार पेर किर्केबी यांच्याविषयी लिहिताना हा एक शब्द फार उपयोगी पडतो, कारण या तिन्ही प्रकारच्या थरांमध्ये त्यांचे आयुष्य गेले. ते शिक्षणाने भूशास्त्रज्ञ होते, पुढे चित्रकार म्हणून युरोपभर ओळखले गेले, तरुणपणापासून कविता आणि गद्य लिहीत राहिले, आणि त्यांनी उघड्या जागी विटांची अशी बांधकामे उभारली की ज्यांत कोणीही राहत नाही. त्यांचे मोठे चित्र पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा गोंधळतो. समोर निसर्गदृश्य आहे की नुसते रंग आहेत, तो तपकिरी पट्टा झाडाचे खोड आहे की खडकातील भेग आहे, चित्र पूर्ण झाले आहे की अर्ध्यावर सोडले आहे, यांपैकी काहीच पटकन कळत नाही. मला स्वतःला असे वाटते की भूशास्त्रातील दोन-तीन साध्या गोष्टी आधी समजून घेतल्या, तर ही चित्रे पाहणे पुष्कळ सोपे होते आणि त्यांच्या कवितांचे आणि विटांचेही कोडे त्याच किल्लीने उलगडते. म्हणून या लेखात कलेच्या आधी मातीविषयी बोलावे लागेल.

किर्केबी यांचा जन्म १ सप्टेंबर १९३८ रोजी कोपनहेगन येथे झाला. १९५७ मध्ये ते कोपनहेगन विद्यापीठात भूशास्त्र शिकू लागले, पुढच्याच वर्षी ग्रीनलंडला गेले आणि त्यानंतरही मोहिमांबरोबर तेथे जात राहिले. १९६४ मध्ये त्यांनी पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्यांचा विशेष विषय होता आर्क्टिक प्रदेशाचे चतुर्थ कालखंडातील भूशास्त्र. चतुर्थ कालखंड म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत अलीकडची सुमारे २६ लाख वर्षे, ज्यांत हिमयुगे पुन्हा पुन्हा आली आणि ओसरली. डेन्मार्कमध्ये वाढलेल्या माणसाने हा विषय निवडावा, यात नवल नाही. या देशाचे सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर उंच आहे, उंच डोंगर नाहीत, आणि जे काही उतार, टेकड्या आणि सपाट माळ आहेत ते मुख्यतः बर्फाने घडवलेले आहेत. नॉर्वे आणि स्वीडनकडून सरकत आलेल्या प्रचंड हिमथरांनी वाटेतील खडक खरवडून, दळून बरोबर आणले आणि वितळताना दगडगोटे, वाळू आणि चिकणमाती यांचा मिसळलेला ढीग मागे टाकला. याला भूशास्त्रात हिमोढ म्हणतात. वितळलेल्या पाण्याने यातील काही माल पुन्हा वाहून नेला, त्याची जाड-बारीक अशी निवड केली आणि वेगळ्या जागी पसरला.

या सर्व प्रक्रियांमध्ये मूळ क्रिया तीनच आहेत. पहिली साचण्याची : वारा, पाणी किंवा बर्फ माल आणून टाकतो आणि खालचा थर वरच्या थराखाली झाकला जातो. दुसरी झिजण्याची : तेच पाणी आणि तोच बर्फ वरचे थर खरवडून नेतो आणि कधी तरी फार जुना थर अचानक उघडा पडतो. तिसरी मोडण्याची : दाबामुळे थरांना घड्या पडतात, ते तुटतात, एक बाजू वर सरकते आणि दुसरी खाली जाते. भूशास्त्रज्ञ जेव्हा एखाद्या कड्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याला या तीन क्रियांचा एकत्रित परिणाम दिसत असतो आणि त्यावरून घडलेला क्रम मागे मागे जात शोधायचा असतो. कोपनहेगनच्या दक्षिणेला स्टेव्हन्स येथे खडूच्या पांढऱ्या कड्यात चिकणमातीचा एक अगदी पातळ, काळसर थर आहे. डायनोसॉरचा अंत झाला त्या, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या घटनेची ती खूण मानली जाते, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्हाच्या उद्रेकांतून तयार झाला, ते उद्रेकही त्याच सुमाराचे आहेत. एकीकडे बोटभर जाडीचा थर आणि दुसरीकडे शेकडो मीटर उंचीचे कडे, पण काळ एकच. थराच्या जाडीवरून घटनेची थोरवी ठरत नाही, हे भूशास्त्र शिकणाऱ्याला लवकर समजते, आणि किर्केबी यांच्या चित्रांत एखाद्या कोपऱ्यातून डोकावणारी रंगाची बारीक रेघ एवढी महत्त्वाची का असते, हेही त्यावरून समजते.

भूशास्त्रज्ञाला आणखी एक सवय लागते, ती म्हणजे जागेवर चित्र काढण्याची. छायाचित्रात कड्यावरील सावल्या, गवत, ओघळ असे सगळेच सारख्या निष्ठेने उमटते, तर वहीत रेखाटताना कोणती रेघ ही थराची सीमा आहे आणि कोणती नुसती सावली आहे, हे हाताला ठरवावेच लागते. म्हणजे रेखाटणे ही तेथे सजावट नसून विचार करण्याची पद्धत असते. किर्केबी यांचा हात अशा वह्यांवर तयार झाला आणि त्यांनी ही सवय कधीच सोडली नाही. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधसंग्रहाच्या नावाचा अर्थ ‘निसर्गाची पेन्सिल’ असा होतो. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फॉक्स टॅलबट यांच्या १८४४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या पुस्तकाचे नावही तेच होते. टॅलबट यांना त्या नावातून प्रकाश स्वतःच चित्र काढतो असे सुचवायचे होते. किर्केबी यांनी ते नाव घेतले तेव्हा त्यात बर्फाने खडकावर ओढलेल्या ओरखड्यांचाही अर्थ मिसळला, असे मला ते वाचताना जाणवते.

भूशास्त्राचे शिक्षण चालू असतानाच, १९६२ मध्ये, ते कोपनहेगनमधील ‘प्रायोगिक कलाशाळे’त दाखल झाले. चित्रकार पॉल गेर्नेस आणि कला-इतिहासकार ट्रोल्स अँडरसन यांनी आदल्या वर्षी सुरू केलेली ही शाळा रूढ अर्थाने शाळा नव्हती. तेथे गुरूने शिष्याला शिकवावे असा क्रम नव्हता आणि प्रवेशासाठी राजेशाही कला अकादमीसारख्या परीक्षा नव्हत्या. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून छपाई, चित्रपट, शिल्प, कृती-कला (म्हणजे कलावंताने लोकांसमोर केलेली कृती हीच कलाकृती) असे जे सुचेल ते करून पाहत. बियॉर्न नोरगोर यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले कलावंत याच वर्तुळातील. त्या काळी युरोप-अमेरिकेत चित्रकलेविषयी एक ठाम मत पसरले होते की कापडावर रंग लावण्याचे दिवस संपले, आता कला म्हणजे कृती, कल्पना, तयार वस्तू. किर्केबी या हवेत पूर्णपणे वावरले. १९६६ मध्ये जर्मन कलावंत योसेफ बॉइस यांनी कोपनहेगनमध्ये केलेल्या कृतीत त्यांनी साथ दिली आणि न्यूयॉर्कमध्ये नाम जून पैक, शार्लट मूरमन या प्रयोगशील कलावंतांच्या गटाबरोबर काम केले. तरीही या सर्व काळात ते रंगवत राहिले. ज्या मित्रमंडळीत चित्र काढणे मागासलेपणाचे समजले जात होते, तेथे राहून चित्र काढत राहण्याला मला मोठे धैर्य वाटते, कारण विरोधकांना तोंड देण्यापेक्षा मित्रांना तोंड देणे अधिक अवघड असते.

पण त्यांनी या चळवळीकडून एक शिस्त घेतली. लाकडाचे तंतू दाबून केलेल्या मेसोनाइट नावाच्या फळ्या बांधकामाच्या दुकानात १२२ बाय २४४ सेंटिमीटर अशा ठरावीक मापात मिळत. त्या मधोमध कापल्या की १२२ बाय १२२ सेंटिमीटरचा चौरस तयार होतो. किर्केबी यांनी हा चौरस आपला कायमचा आकार म्हणून स्वीकारला आणि अनेक वर्षे वापरला. याचा फायदा असा की चित्र उभे असावे की आडवे, डोंगरासारखे की माणसासारखे, हा प्रश्नच मिटतो. निसर्गदृश्याला आडवा कागद लागतो आणि व्यक्तिचित्राला उभा, ही आपली जुनी सवय असते, आणि चौरस त्या सवयीला आधार देत नाही. आकार ठरलेला आणि फळी स्वस्त, म्हणून त्यावर काहीही येऊ शकते : सुरुवातीच्या काळात साहसकथांच्या पुस्तकांतील तंबू, घोडे, लाकडी झोपड्या, कुंपणे, शोधप्रवासी, कधी चिकटवलेले कागद, कधी फवारलेला रंग. याच फळ्यांना काळा रंग देऊन त्यांवर खडूने रेखाटलेली, शाळेतील फळ्यासारखी दिसणारी चित्रेही त्यांनी पुढे मोठ्या संख्येने केली. पुसता येईल अशा माध्यमात मांडलेला विचार त्यांत दिसतो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मात्र ते मोठ्या कापडावर तैलरंगात काम करू लागले, आणि ज्यांमुळे ते ओळखले जातात ती चित्रे येथून सुरू होतात. ही चित्रे आधी ठरवलेल्या आराखड्याबरहुकूम रंगवलेली नसतात. एक थर चढतो, तो काही काळ राहतो, त्यावर दुसरा येतो आणि पहिल्याचा बराचसा भाग झाकून टाकतो, मग कोठेतरी रंग खरवडला जातो, कोठे पातळ रंगाचे ओघळ येतात, कोठे एखादी जाड रेघ सगळ्या थरांना छेदून जाते. भूशास्त्रातील ज्या तीन क्रिया वर सांगितल्या त्याच येथे आहेत : साचणे, झिजणे आणि मोडणे. किर्केबी कड्याचे चित्र काढत नाहीत, कडा ज्या रीतीने तयार होतो त्या रीतीने ते चित्र तयार करतात. म्हणून त्यांच्यासमोर ‘हे काय आहे’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, ‘आधी काय आले आणि नंतर काय आले’ हा प्रश्न उपयोगी पडतो. कापडाच्या कडांकडे पाहावे, कारण तेथे खालचे थर अनेकदा उघडे राहिलेले असतात. गेरू, शेवाळी हिरवा, करडा, मातकट तपकिरी यांच्यामधून एकदम चमकणारा पिवळा किंवा निळा दिसला, तर तो वर ठेवला आहे की खालून वर आला आहे, हे शोधावे. पाच मिनिटे असे पाहिले की चित्रात खोली येऊ लागते, आणि ही खोली डोळ्यांना फसवणाऱ्या दृश्यरेषांनी आणलेली नसते, ती काळाची असते.

अर्थात झाडाचे खोड, गुहेचे तोंड, फांदी, दगड, पाण्याची रेषा अशा ओळखीच्या गोष्टी या चित्रांत पूर्णपणे नाहीशा होत नाहीत. कॅटेगाट समुद्रातील लेसो या छोट्या बेटावर किर्केबी यांचे घर आणि कार्यशाळा होती, आणि तेथील झाडे, प्रकाश आणि खाऱ्या पाण्याचा काठ त्यांच्या कामात वर्षानुवर्षे येत राहिला. तेथेच १९८० च्या दशकात मातीत घडवून ब्राँझमध्ये ओतलेली डोक्यांची शिल्पेही तयार झाली, जी पाहताना चेहरा आणि ओबडधोबड खडक यांच्यातील सीमा कोठे आहे ते सांगता येत नाही. जुन्या बाजारात मिळणारी स्वस्त, गोड निसर्गचित्रे विकत घेऊन त्यांवरच रंगवण्याचा प्रकारही त्यांनी केला. दुसऱ्याने घातलेला थर तसाच ठेवून त्यावर आपला थर चढवायचा, एवढाच त्याचा साधा अर्थ.

कवितेकडे येताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी. १९६६ मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला, त्याचे नाव होते ‘कॉपीराइट’. आपल्याकडे कविता म्हटले की कवीच्या अंतःकरणातून आलेला, फक्त त्याचाच असा उद्गार, अशी समजूत असते आणि डेन्मार्कमध्येही ती होती. किर्केबी आणि त्यांच्या पिढीतील काही लेखकांनी ती समजूत बाजूला ठेवली. त्यांच्या मते शब्द हे आधीच वापरले गेलेले असतात. वर्तमानपत्रातील वाक्य, मुलांच्या साहसकथेतील वर्णन, ज्ञानकोशातील चित्राखालची ओळ, प्रवासवर्णनातील तुकडा, या सगळ्यांवर कोणाच्या ना कोणाच्या हाताचे ठसे असतात. अशा वापरलेल्या वाक्यांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवले, त्यांच्यामध्ये कोणताही भावनिक दुवा न जोडता, की वाचकाला त्यांच्यातील फटी जाणवतात आणि अर्थ त्या फटींत तयार होतो. संग्रहाच्या नावात म्हणूनच एक गंभीर प्रश्न आहे : सर्वांनी वापरलेल्या भाषेवर मालकी कोणाची? साठच्या दशकातील डॅनिश कवितेत नियम, क्रम आणि पुनरावृत्ती यांतून रचना करण्याची एक मोठी धारा होती आणि किर्केबी तिच्या जवळचे होते. पण त्यांचे तुकडे गणितासारखे स्वच्छ नसतात. हिमोढात जसे दूरवरचे आणि जवळचे दगड एकाच मातीत रुतलेले असतात, तशी त्यांच्या ओळींत दूरदूरची वाक्ये रुतलेली असतात, आणि प्रत्येक वाक्य मूळ कोठले असेल याचा अंदाज घेण्यात वाचनाचा आनंद असतो.

पुढे त्यांच्या लेखनात कवितेपेक्षा निबंधाचा वाटा वाढला. चित्रकला, प्रवास, वास्तू, हवामान आणि आठवणी यांच्यामध्ये मोकळेपणाने फिरणारे हे गद्य डॅनिश भाषेत फार मानले जाते, आणि १९८२ मध्ये ते साहित्यिकांच्या डॅनिश अकादमीचे सदस्य झाले. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांच्यासारख्या अनेक जुन्या कलावंतांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तके लिहिली. या लेखनात समीक्षकाची परिभाषा कमी आणि हातात कुंचला धरणाऱ्याची जाण अधिक आहे. समोरच्या चित्रातील एखादा फटकारा आधी का आला असावा, याचा विचार ते सहकाऱ्यासारखा करतात. त्यांनी चित्रपटही बरेच केले. त्यांत डॅनिश चित्रकार आसगेर योर्न यांच्यावरचा १९७७ चा माहितीपट आहे आणि १९८० मधील एक लघुपट आहे, ज्याच्या नावाचा अर्थ ‘भूशास्त्र : हे खरोखर विज्ञान आहे का?’ असा होतो. हा प्रश्न त्यांनी चेष्टेने विचारलेला नाही. भूशास्त्रज्ञाला प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही, त्याला उरलेल्या खुणांवरून गोष्ट रचावी लागते, आणि गोष्ट रचणे म्हटले की कल्पनाशक्ती आलीच.

आता विटांविषयी. किर्केबी यांचे बालपण कोपनहेगनच्या ज्या वायव्य भागाशी जोडलेले आहे, तेथे ग्रुंटविग चर्च आहे. १९२१ ते १९४० या काळात बांधलेली ही भव्य वास्तू लाखो पिवळ्या विटांची आहे, आणि भिंती, खांब, कमानी यांत दिसते ती फक्त वीट. पुढे १९७१ मध्ये ते मध्य अमेरिकेत गेले आणि माया संस्कृतीची दगडी मंदिरे त्यांनी पाहिली. या दोन आठवणी एकत्र येऊन १९७३ मध्ये डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पातील इकास्ट या गावी त्यांचे विटांचे पहिले मोठे शिल्प उभे राहिले. त्याचे नाव ‘घर’. त्याला भिंती आणि उघडे दरवाजे आहेत, पण घराचा कोणताही उपयोग त्यात नाही. त्यानंतर युरोपातील अनेक देशांत त्यांनी अशी बांधकामे केली. ही वास्तू आहे की शिल्प, असा वाद अनेकदा होतो. मला वाटते, उपयोग काढून घेतल्यावर वास्तूमध्ये जे शिल्लक राहते, म्हणजे भिंतीची जाडी, आत-बाहेरचा फरक, कोनाड्यातील सावली आणि थरांची लय, ते पाहायला मिळावे म्हणूनच ही बांधकामे आहेत.

विटेची निवड त्यांच्या दृष्टीने किती अचूक होती, हे तिच्या मापांवरून कळते. डेन्मार्कची प्रमाणित वीट २२८ मिलिमीटर लांब, १०८ मिलिमीटर रुंद आणि ५४ मिलिमीटर जाड असते. दोन विटा आडव्या शेजारी ठेवून मध्ये १२ मिलिमीटरचा सांधा धरला, तर त्यांची एकत्रित रुंदी बरोबर एका विटेच्या लांबीएवढी होते, आणि म्हणूनच आडव्या-उभ्या विटा एकमेकींत गुंफून भिंत बांधता येते. मेसोनाइटच्या चौरसाप्रमाणेच येथेही माप बाहेरून ठरून आलेले आहे आणि कलावंताने ते नम्रपणे स्वीकारलेले आहे. बांधणारेही ते स्वतः नसत, गवंडी असत. शिवाय वीट ज्या मातीची होते ती चिकणमाती बहुतेक ठिकाणी हिमयुगाचीच देणगी आहे. मातीत चुन्याचे प्रमाण अधिक असेल तर वीट भाजल्यावर पिवळी निघते, कमी असून लोह असेल तर लाल. हिमनदीने दळून आणलेला थर माणसाने उकरला, साच्यात घातला, भाजला आणि पुन्हा थरांमध्ये रचला : चतुर्थ कालखंड शिकलेल्या माणसाला भिंत अशी दिसत असणार.

बाहेरच्या जगाने त्यांना बरेच काही दिले. १९७६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी डेन्मार्कचे प्रतिनिधित्व केले, जर्मनीत कासेल येथे भरणाऱ्या ‘डॉक्युमेंटा’ या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात १९८२ आणि १९९२ साली त्यांचा सहभाग होता, आणि १९७८ पासून कार्ल्सरूह येथे तर १९८९ ते २००० या काळात फ्रँकफर्ट येथे ते प्राध्यापक होते. डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रियर यांच्या ‘ब्रेकिंग द वेव्ह्ज’ (१९९६) या चित्रपटातील प्रकरणांच्या सुरुवातीला जी स्तब्ध, हळूहळू प्रकाश बदलणारी निसर्गदृश्ये येतात, ती त्यांनी केलेली आहेत. कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयाच्या ‘काळा हिरा’ या १९९९ मधील इमारतीत त्यांचे सुमारे २१० चौरस मीटरचे छतचित्र आहे. पण मला सर्वांत जवळची वाटते ती कोपनहेगनमधीलच भूशास्त्र संग्रहालयाच्या जिन्याभोवतीची सजावट, जी त्यांनी २००४ मध्ये पूर्ण केली. खडकांचे नमुने पाहायला जाणारा विद्यार्थी त्यांच्या रंगांच्या थरांमधून चढत वर जातो.

२०१३ मध्ये ते जिन्यावरून पडले आणि त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली. त्यानंतर रंग आणि प्रतिमा ओळखणे त्यांना कठीण होऊन बसले, आपलीच चित्रे अनोळखी वाटू लागली. दिग्दर्शिका अ‍ॅने व्हिवेल यांनी २०१५ च्या माहितीपटात हा काळ टिपला आहे, आणि त्यात हा माणूस तक्रार न करता, पुन्हा पुन्हा, आपल्याच कामासमोर बसून त्यात काय आहे ते शोधताना दिसतो. त्याच सुमारास त्यांनी चित्रे काढणे थांबवले. ९ मे २०१८ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.